पाण्यात किती वायू?
(वाशीतल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, समोर उरण, तळोजा, पाताळगंगेकडे काम करणारे बरेच चेहरे दिसताहेत, म्हणून समीकरणांची ओळख करून देत बसत नाही. वायू आणि द्रवात कुठला घटक किती जाईल हे काढायला सगळे पेंग-रॉबिन्सन समीकरण वापरता. हात वर करा, ते कोणी निवडलं? तुम्ही, की सॉफ्टवेअरनं? बघा, हात खाली गेले! याच गोष्टीबद्दल बोलायला मी आलोय.

मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका डिझाइन ऑफिसात नवा होतो. वायू आणि पाणी वेगळं करणारा सेपरेटर 70 बार दाबाला, तापमान पंचवीस-तीस अंश, खालून निघणारं पाणी साध्या दाबाच्या टाकीत. त्या टाकीचा व्हेंट, म्हणजे वायू बाहेर सोडायची वाट, किती मोठा हवा ते ठरवायचं होतं. पाण्यात मिथेन किती विरघळेल? सॉफ्टवेअरनं सांगितलं, जवळजवळ शून्य. आम्ही व्हेंट लहान ठेवला. प्लांट सुरू झाला आणि टाकीवरचा गॅस डिटेक्टर वाजायला लागला. आधी डिटेक्टर बदलला. मग व्हॉल्व्ह गळतोय म्हणून तो उघडला. व्हॉल्व्ह ठणठणीत. शेवटी एका जुन्या ऑपरेटरनं पाण्याचा नमुना दाबाखाली बाटलीत घेतला आणि आमच्यासमोर झाकण सैल केलं. गोटीसोडा फोडल्यासारखं पाणी फसफसलं! त्या दाबाला घनमीटरभर पाण्यात दीड-दोन घनमीटर वायू मावतो, साध्या दाबाला मोजला तर. मिथेनच्या रेणूंचा वाटा हजारात जेमतेम दीड, पण टाकी दिवसाला शेकडो घनमीटर पाणी घेते हो. त्या दिवशी कुणी टाकीजवळ वेल्डिंग करत नव्हतं, ही आठवण आली की आजही छातीत धस्स होतं.

चूक कुठे होती? सकाळच्या लोकलमधला भजनी मंडळाचा डबा आठवा. द्रवातलं पाणी म्हणजे ते मंडळ. हायड्रोजन बंधांनी प्रत्येकानं शेजाऱ्याचा हात धरलेला. मिथेनला आत शिरायचं तर सगळ्यांना सरकून जागा करावी लागते. वायूत मात्र पाण्याचा रेणू शेवटच्या लोकलमधल्या एकट्या प्रवाशासारखा असतो, त्याचा हात धरायला कोणी नाही. आणि आपण दोन्हीकडे एकच केआयजे, म्हणजे दोन रेणूंमधल्या आकर्षणाचा दुरुस्ती-आकडा, लावतो! मिथेन-पाणी जोडीला साधारण 0.485 घेतलं तर वायूतली वाफ बरी जुळते, पाण्यातल्या वायूचा अंदाज मात्र कोसळतो. पाण्याच्या बाजूला ऋण आणि तापमानाबरोबर बदलणारा आकडा लागतो. पेंग आणि रॉबिन्सन यांचं समीकरण 1976चं. दोन बाजूंना दोन आकडे हवेत, हे त्यांनी स्वतःच 1980मध्ये मांडलं. म्हणजे माझं भांडण त्या समीकरणाशी नाहीच. न विचारता मिळालेल्या पर्यायाशी आहे.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं राहिली. मॉडेलची निवड हा तर आजचा विषय, तर भरभर सांगतो.

आधी शुद्ध पाण्याचा बाष्पदाब काढून बघा. 25 अंशांना 3.17 किलोपास्कल यायला हवा. तोच चुकला तर पुढचं सगळं चुकणार.

वायूतली ओल, दवबिंदू, डिहायड्रेशनआधीचा, म्हणजे वायू कोरडा करण्याआधीचा अंदाज एवढंच हवं असेल तर पेंग-रॉबिन्सनसारखं क्यूबिक समीकरण चालतं. पाण्यातला वायू हवा असेल तर हेन्रीचा नियम, दाबाच्या दुरुस्तीसह, किंवा दोन केआयजे. पाणी खारट असेल तर सोराइड-व्हिटसन यांचं मॉडेल, 1992चं. मिठामुळे विद्राव्यता घटते ते त्यात येतं. मिथेनॉल किंवा ग्लायकॉल घालताय? मग रेणूंचं हात धरणं समीकरणातच मोजणारं सीपीए (क्यूबिक प्लस असोसिएशन) हे मॉडेल घ्या, 1996चं. त्याला गणित जास्त लागतं, पण मिथेनॉल वायूत किती उडून जातं याचा भरवशाचा अंदाज तिथे मिळतो. कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड असेल तर जास्तच जपा, ते मिथेनपेक्षा पुष्कळ विरघळतात.

हायड्रेट, म्हणजे पाणी आणि वायूचा बर्फासारखा घन पदार्थ, राहिलंच! 4 अंशांना मिथेनचं हायड्रेट साधारण 40 बारलाच जमतं. तिथे व्हान डर वाल्स-प्लॅटीउव यांचं हायड्रेटचं मॉडेल लागतं. त्यातले आकडे ज्या द्रव-वायू मॉडेलसोबत बसवलेत तेच मॉडेल ठेवा, मध्येच बदलू नका.

वेळ संपली. तुमच्यापैकी कुणाकडे स्वतःच्या प्लांटमधल्या पाण्यातल्या वायूची मोजमापं असतील तर चहाच्या वेळी मला गाठा. दाब, तापमान आणि पाण्याचा खारटपणा लिहिलेला असेल तर फारच बरं. मी वही आणलीय.