‘नाना’चा शेरा आणि त्यावरचं अपील

सैनिकाने अपंगत्वाची पेन्शन मागितली आणि रेकॉर्ड ऑफिसचं, म्हणजे नोकरीच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाचं, पत्र आलं की माणूस ‘नामंजूर’ एवढंच वाचतो. पेन्शन अडलेली असते त्याच्या आधीच्या ओळीत: अपंगत्व सेवेमुळे आलेलं नाही, सेवेने बळावलेलंही नाही. याची इंग्रजी आद्याक्षरं (Neither Attributable Nor Aggravated) जोडली की ‘नाना’ होतं. लढायचं या नानांशी. अर्जात मात्र बावीस वर्षांची नोकरी, घरची परिस्थिती, पोरीचं लग्न. सगळं खरं, पण वैद्यकीय बोर्डाच्या कारणाला उत्तर नाही, म्हणून पुन्हा तेच पत्र येतं.

आधी रिलीज मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे सेवेतून बाहेर पडतानाच्या वैद्यकीय तपासणीच्या, अहवालाची पूर्ण प्रत मिळवा, नुसतं शेवटचं पान नको. मागून मिळाली नाही तर 10 रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज टाका. आजार कोणत्या तारखेला, कुठल्या पोस्टिंगवर नोंदला, ते बघा. ‘पीस स्टेशनला (सीमेपासून दूरच्या शांत ठाण्यावर) सुरुवात’ एवढंच कारण असेल तर मागच्या दोन-तीन पोस्टिंगचा तक्ता जोडा. सियाचिनहून उतरलेल्याचं बीपी पुण्यात मोजलं, म्हणून ते पुण्यात सुरू झालं असं होत नाही. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत त्या आजाराची नोंद नव्हती ना? मग धरमवीर सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये सांगितलंय की तो सेवेतच आला असं धरायचं; उलट सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. मात्र 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम आहेत. आपल्या निवृत्तीची तारीख आधी तपासा.

हृदयविकार असेल तर झटक्याआधीच्या 14 दिवसांच्या ड्यूटीचा तपशील लागतो. तो युनिटकडून येतो, आणि फाइलमध्ये नसला तर निकाल तुमच्या विरोधात जाऊ शकतो. जखमेच्या प्रकरणात सगळा भार इंजुरी रिपोर्टवर. त्यात कमांडिंग ऑफिसरने ‘ड्यूटीवर’ लिहिलंय की नाही, हे पहिलं बघा. रजेवर घरी निघाल्यावर सरळ वाटेवरचा अपघात वेगळा, आणि गावी शेतावर जाताना बाइक घसरली ते वेगळं. दुसऱ्यात हक्क लावणं फार अवघड.

पहिलं अपील नकाराच्या पत्रापासून 6 महिन्यांत. तेही फेटाळलं तर दुसरं, पुन्हा 6 महिन्यांत. तिथेही नकार आला की सशस्त्र दल न्यायाधिकरण. आपल्याकडच्या प्रकरणांसाठी मुंबईचं खंडपीठ. पोस्टाची पावती जपा, मुदत त्यावरून सिद्ध होते.

अपंगत्व मान्य झालं तरी टक्केवारीचं भांडण संपत नाही. जुन्या नियमांत 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के मिळतात. म्हणजे 40,000 पगारावर 20 टक्के अपंगत्वाचे 2,400 रुपये. पण ब्रॉड-बँडिंगमध्ये, म्हणजे टक्केवारी वरच्या ठरलेल्या टप्प्यावर नेण्याच्या पद्धतीत, 20 चे 50 धरतात, ते होतात 6,000. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही हे लागू आहे, हे सुप्रीम कोर्टाने राम अवतार प्रकरणात 2014 मध्ये स्पष्ट केलं. थकबाकी मात्र, उशिरा कोर्टात गेलात तर, अर्जाच्या आधीच्या 3 वर्षांपुरतीच राहू शकते.