बारदान वजा केलं का?

नमस्कार श्रोतेहो.

बारदान म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. तेलाचा डबा घेतला की डब्याचं वजन वजा, गुळाची ढेप घेतली की गोणपाटाचं वजन वजा. घरातल्या शाळकरी पोरालाही हे माहीत असतं. आजचं माझं सगळं बोलणं या एका शब्दाभोवती आहे. बारदान.

मी कादंबरी लिहिली आहे. स्वतःच्या खर्चाने छापली आणि स्वतःच विकते. तिचा विषय गांजाचा एक खटला आणि त्यात सापडलेला एक मुलगा. तेव्हा आज थोडं अमली पदार्थांच्या कायद्याबद्दल बोलेन, थोडं लिहिण्या-छापण्याबद्दल. दोन्ही वेगळं काढायला गेलं तर मला बोलताच येणार नाही.

नोकरीत मी 31 वर्षं सत्र न्यायालयात लघुलेखक होते. साक्षीदार पिंजऱ्यात बोलणार, न्यायाधीश साहेब सांगणार आणि मी उतरवून घेणार. 2019 साली निवृत्त झाले. कोर्टात शिपायापासून वकिलापर्यंत सगळे ज्याला ‘एनडीपीएसची केस’ म्हणतात, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालची, तशा कितीतरी केसेस माझ्या बोटांखालून गेल्या. कायदा 1985 चा, त्या वर्षीच्या 14 नोव्हेंबरपासून लागू झालेला. 2001 साली त्यात दुरुस्ती झाली आणि शिक्षा वजनावर ठरायला लागली. गांजा एक किलोपर्यंत असेल तर ती अल्प मात्रा. 20 किलोच्या वर गेला की व्यापारी मात्रा. आणि या दोहोंच्या मधला सगळा पल्ला एकाच शिक्षेखाली.

आता हे आकडे कानात ठेवा. गांजा एक किलोपर्यंत असेल तर जास्तीत जास्त एक वर्ष. एक किलोच्या वर गेला तर दहा वर्षांपर्यंत. पुन्हा सांगते. किलोच्या आत एक वर्ष, किलोच्या बाहेर दहा.

आता तो खटला. गावाचं नाव घेत नाही, त्यातली माणसं आजही तिथे राहतात.

आरोपी बावीस वर्षांचा, मार्केट यार्डात हमाली करणारा. एसटी स्टँडवर पकडला. हातात पिशवी, पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला गांजा. पंचनाम्यात लिहिलेलं होतं, एकूण वजन 1 किलो 140 ग्रॅम. म्हणजे किलोच्या बाहेर. जामीन मंजूर झाला होता, 25 हजारांचा, पण जामीनदार कुठून आणायचा? घरी आई एकटी, शिवणकाम करणारी, राहायला भाड्याची खोली. जामिनाचा आदेश कागदावर राहिला आणि मुलगा आत राहिला. साक्षी सुरू झाल्या तोवर त्याला आत चौदा महिने होत आले होते.

अशा केसमध्ये एक साक्षीदार असतो वजनकाट्यावाला. पोलिसांकडे त्या घडीला काटा नसतो, मग जवळच्या किराणा दुकानदाराला बोलावतात. इथेही तेच झालं. स्टँडसमोरचा दुकानदार, पन्नाशीचा, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांनी विचारलं तेव्हा, त्याने सगळं सांगितलं. मला बोलावलं, मी काटा घेऊन गेलो, माझ्या काट्यावर मोजलं, सही केली. उलटतपासाला मुलाच्या बाजूने मोफत विधी सेवेतून मिळालेली वकील मुलगी होती, वकिलीचं दुसरं वर्ष. तिने विचारलं, काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का होता का? दुकानदार ताठ झाला. म्हणाला, “दर वर्षी मारून घेतो. एक वर्ष चुकलेलं नाही.” तिने अजून दोन-चार प्रश्न विचारले. किती वाजले होते, उजेड होता का. मग खाली बसली. उलटतपास संपला.

साहेब म्हणाले, “या तुम्ही.” पण तो पिंजऱ्यातून उतरेना. कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभा. म्हणाला, “साहेब, एक राहिलं.”

“काय राहिलं?”

“बारदान.”

साहेबांना क्षणभर कळलंच नाही. “कसलं बारदान?”

“साहेब, त्या दिवशी पिशवीसकट मोजलं. पिशवीचं वजन कुणी वजा केलंच नाही. मी म्हणणार होतो, पण सगळे घाईत होते. मला म्हणाले, आकडा सांग, मी आकडा सांगितला. चौदा महिने माझ्या मनात आहे हे. मी गिऱ्हाइकाला असं मोजून दिलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी माझ्या दारात उभं राहिलं नसतं.”

माझी बोटं थांबली. इतक्या वर्षांत ती मध्येच अशी कधी थांबली नव्हती. साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि सांगायला सुरुवात केली: साक्षीदार स्वतःहून सांगतो की... श्रोतेहो, ‘साक्षीदार स्वतःहून सांगतो’ हे तीन शब्द कोर्टाच्या कागदात फार थोड्या वेळा येतात. विचारल्याशिवाय कुणी बोलत नाही तिथे.

मग मुद्देमाल मागवला. पाकीट फोडलं तेव्हा लाखेचे लाल तुकडे माझ्या कागदावर उडाले. आत ती पिशवी. जुन्या जीन्सच्या पायाची शिवलेली, वर चेन, आतून दुहेरी अस्तर, बंद दोन वेळा टाचलेले. आतला माल बाहेर काढून ठेवला. सुकलेला, काड्यांसकट, कुबट वासाचा. वजन करायला कोर्टात काटा नव्हता. शिपाई फाटकासमोरच्या मिठाईवाल्याकडे गेला आणि त्याचा काटा उचलून घेऊन आला. सरकारी वकिलांची हरकत नोंदवली गेली, तीही मीच टंकली. पिशवी आणि प्लास्टिकचा कागद काट्यावर ठेवला. 215 ग्रॅम.

1 किलो 140 मधून 215 गेले. राहिले 925 ग्रॅम.

तुम्हीही मनात वजाबाकी केली असेल. किलोच्या आत. दहा वर्षांचं प्रकरण एक वर्षाचं झालं. आणि मुलगा चौदा महिने आत होता, म्हणजे कायद्यातल्या जास्तीत जास्त शिक्षेपेक्षा दोन महिने जास्त. निकालात साहेबांनी अल्प मात्रा धरली, भोगलेली कैद पुरेशी मानली आणि त्याला सोडलं. वरचे दोन महिने कुठल्याच कागदावर कुणी वजा केले नाहीत.

सुटल्यावर तो मुलगा माझ्या टेबलापाशी आला. मला वाटलं, निकालाची प्रत मागतोय. त्याने विचारलं, “बाई, पिशवी मिळेल का? आईने शिवली होती.”

मी काही बोलले नाही. कारण दहाच मिनिटांपूर्वी मी शेवटची ओळ टंकली होती. अपिलाची मुदत संपल्यावर मुद्देमाल नष्ट करावा. पिशवी मुद्देमालात होती.

माझी कादंबरी त्या पिशवीपासून सुरू होते.

ती मी निवृत्तीनंतर लिहिली, तीन वर्षं, पहाटे पाच ते सात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, दूधवाला येईपर्यंत. मग प्रकाशकांकडे गेले. तिघांकडे. एकाने सांगितलं, वजनाचं प्रकरण अकरा पानांचं आहे, दोन पानांत उरका. दुसऱ्याने सांगितलं, मुलगा एक तर पक्का गुन्हेगार दाखवा, नाहीतर शेवटी मेलेला दाखवा, वाचकाला मधलं काही कळत नाही. मला ते पटलं नाही. आमच्या कोर्टात उभी राहणारी माणसं मधलीच होती. सकाळी हमाली करणारी, रात्री चिलीम ओढणारी, महिन्याला आईच्या हातात पैसे देणारी. त्यांनाच जर कादंबरीत जागा नसेल तर मी लिहायचं कशाला? म्हणून ठरवलं, अकरा पानं अकराच राहतील आणि पुस्तक मी छापेन.

सतरा फर्मे, 272 पानं, 500 प्रती. ग्रॅच्युइटीतले पैसे घातले. स्वतः छापायचा विचार करणाऱ्या कुणी आज रेडिओ लावला असेल तर त्यांच्यासाठी एक सांगते. प्रकाशन समारंभ, शाल-श्रीफळ, फ्लेक्स यांच्यावर पैसे घालू नका. ते पैसे चांगल्या मुद्रितशोधकाला द्या. माझ्या मुद्रितशोधकाने पंचनाम्याची तारीख आणि साक्षीची तारीख जुळत नाही हे पकडलं. हे काम कुठलाही पाहुणा व्यासपीठावरून करणार नाही. आणि दुकानदार शंभर रुपयांच्या पुस्तकामागे चाळीस रुपये कमिशन घेतो, हे धरूनच किंमत ठरवा. राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं अकरा हजारांच्या आसपास आहेत. त्यातल्या प्रत्येकाने वर्षाला लेखकाने स्वतः छापलेलं एक पुस्तक घ्यावं, असं माझं जुनं मागणं आहे. ते मी जिथे बोलायला जाते तिथे मांडते.

तर कायदा. माझं म्हणणं एवढंच आहे की स्वतःसाठी थोडंसं बाळगणाऱ्या माणसाला तुरुंग नको. विकणाऱ्याला, कारखाना टाकून एमडी, म्हणजे मेफेड्रोन नावाची नशेची पावडर, बनवणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, त्याबद्दल माझं दुमत नाही. ओढणाऱ्याला तुरुंग नको, उपचार हवा. पुन्हा सांगते, ओढणाऱ्याला तुरुंग नको.

एकाच झाडाचा प्रकार बघा. नुसतं पान आणि बी या कायद्यातल्या गांजात बसत नाही. भांगेचं पान आपल्याकडे राज्याच्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याचा विषय आहे. त्याच झाडाचा फुलोरा असलेला शेंडा म्हणजे गांजा, तो गुन्हा. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारातही पान असंच बाजूला ठेवलेलं आहे. त्याच्याही आधी, इंग्रजांच्या काळात, 1893-94 साली याच विषयावर मोठा आयोग बसला होता. त्याने 1,193 साक्षीदार तपासले आणि सरसकट बंदीची गरज नाही असं सांगितलं. ते वाचताना मला आधी त्या साक्षी लिहून घेणाऱ्यांची आठवण झाली. हाताने लिहिल्या असतील त्यांनी.

आणि माणसं किती आहेत? दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 साली आला. देशात दारू पिणारे सुमारे 16 कोटी. भांग, गांजा, चरस घेणारे मिळून सुमारे 3 कोटी 10 लाख. एवढ्या माणसांसाठी कोठड्या बांधायच्या की दवाखाने, हे ठरवायला मोठी तज्ज्ञ समिती लागू नये.

वजनाचा घोळ अजूनही आहे. हेरॉईन, म्हणजे आपण ज्याला गर्द म्हणायचो ते, 5 ग्रॅमपर्यंत अल्प. पण पुडीत निव्वळ गर्द कधीच नसतं, पावडर मिसळलेली असते. ती भेसळ म्हणजेही बारदानच. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग खटल्यात सांगितलं की भेसळीसकट सगळं वजन धरायचं. न्यायालयाचा मान ठेवून मी म्हणते, हे संसदेने कायद्यातच बदलायला हवं. त्या पुडीतली भेसळ विकणाऱ्याने केलेली असते आणि तिचं वजन घेणाऱ्याच्या शिक्षेत धरलं जातं.

आणि ‘गर्दुल्ला’ हा शब्द आपण बोलण्यातून काढून टाकावा. कर्करोग झालेल्या माणसाला आपण असं नाव ठेवत नाही.

पोर्तुगालने 1 जुलै 2001 पासून दहा दिवसांपुरता माल स्वतःसाठी बाळगणं हा फौजदारी गुन्हा मानणं सोडलं. माणसाला तीन जणांच्या मंडळापुढे नेतात, तिथे डॉक्टर, समाजसेवक अशी माणसं असतात. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यानेही मतदानाने तुरुंग काढला, पण उपचारांची सोय वेळेत उभी राहिली नाही आणि 2024 साली त्यांना पुन्हा फौजदारी गुन्हा आणावा लागला. म्हणून आधी दवाखाने, मग कायदा. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हे काम करतंय, पण प्रत्येक जिल्ह्यात मुक्तांगण नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कागद-पेन्सिल असेल तर लिहून घ्या. आपल्या याच कायद्यात कलम 64 अ आहे. व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असेल आणि तो स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार मात्र पुरे करावे लागतात, मध्ये सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. कलम 64 अ. चौसष्ट अ. व्यसनमुक्तीसाठी सरकारी दूरध्वनी क्रमांक 14446 आहे, पैसे लागत नाहीत.

माझी पुस्तकं आज त्या किराणा दुकानातही मिळतात, गुळाच्या ढेपेशेजारच्या फळीवर. दुकानदाराने 43 प्रती विकल्या आणि कमिशन घेतलं नाही. मागच्या पावसाळ्यात तिथूनच पुस्तक घेतलेल्या एका बाईचा फोन आला. मुलगा एकोणीस वर्षांचा, खिशात थोडा गांजा सापडला, केस चालू. तिने विचारलं, “ताई, ते कलम पुस्तकात कुठल्या पानावर आहे?” पुस्तकात ते नव्हतंच. कादंबरीतल्या मुलाला ते कुणी सांगितलेलं नसतं. मी तिला कलम सांगितलं, तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि वकिलाला दाखवायला कागदावर लिहून टपालानेही पाठवलं. सहाव्या दिवशी तिचा परत फोन आला. मुलाला जिल्हा रुग्णालयात दाखल करून घेतलं होतं आणि ती बाहेरच्या बाकावर बसून बोलत होती.

दुसऱ्या आवृत्तीत शेवटच्या कोऱ्या पानावर ते कलम मी छापलं आहे.

नमस्कार.