झाकणाखालची चावी

नमस्कार श्रोतेहो.

बरीच वर्षे झाली या गोष्टीला. मी तेव्हा पाणीपुरवठ्याच्या कामावर होतो. फोंडा तालुक्यातल्या एका गावात एप्रिलमध्ये वरच्या वाड्यावर आठ दिवस नळ कोरडे होते आणि खालच्या वाड्यावर रात्री नळजोडण्या फुटत होत्या. वरच्या वाड्यावरची एक आजी घागर घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "बाबा, खाली रस्त्यावरून पाणी वाहते आणि आमच्या घागरीत थेंब नाही. हा कुठला न्याय?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

उत्तर सापडले रस्त्याकडेच्या चेंबरमध्ये. तिथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह होता. आपला गोवा चढउताराचा. ओपा इथे खांडेपार नदीचे पाणी उचलून शुद्ध करायचे, उंचावरच्या टाकीत चढवायचे आणि तिथून खाली सोडायचे. टाकीपासून दर 10 मीटर खाली उतरले की नळीतला दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलोने वाढतो. 60 मीटर खालच्या घराला 6 किलो दाब मिळाला तर तिथले जोड कसे टिकतील? म्हणून वाटेत हा व्हॉल्व्ह बसवतात. त्याच्या पोटात रबराचा पडदा असतो. पडद्यावर पाणी साठले की व्हॉल्व्ह मिटतो, ते पाणी बाहेर सोडले की उघडतो. किती सोडायचे हे बाजूला बसवलेला छोटा पायलट व्हॉल्व्ह ठरवतो. पडद्यावर पाणी पोचवणारी नळी करंगळीएवढी आणि तिच्या तोंडाशी एक बारीक जाळी.

ती जाळी मी उघडली तेव्हा तिच्यात लाल चिखल घट्ट बसला होता. पाणी पडद्यावर पोचतच नव्हते, म्हणून व्हॉल्व्ह सताड उघडा राहिला होता. दिवसा लोक पाणी भरतात तेव्हा निभावून जायचे. रात्री वापर थांबला की सगळा दाब खालच्या वाड्यावर यायचा, जोड फुटायचे, टाकी तिथेच रिकामी व्हायची आणि वरच्या नळांना काही उरायचे नाही. जाळी ब्रशने धुतली, परत बसवली. वीस मिनिटांचे काम. त्या वीस मिनिटांसाठी आठ दिवस आजीने डोक्यावरून पाणी वाहिले, ही बोच मला आजही आहे.

म्हणून सांगतो, जाळी ठरल्या दिवशी धुवायलाच हवी. नळी फुटून दुरुस्त झाली की लगेच, कारण तेव्हाच माती आत शिरते. व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंचे दाबाचे काटे वाचून वहीत लिहायला हवेत. खालचा काटा वरच्याच्या मागोमाग हलू लागला की समजावे, व्हॉल्व्हने काम सोडले. पडदा फाटला का, हेही कळते. ती करंगळीएवढी नळी बंद करून पडद्यावरचे पाणी बाहेर सोडावे. ते थोडे वाहून थांबले तर पडदा शाबूत, धार चालूच राहिली तर बहुधा तो फाटलेला.

साध्या बंद-चालू व्हॉल्व्हची दशा याहून वाईट. तो वर्षानुवर्षे कोणी फिरवत नाही आणि नळी फुटते त्या रात्री तो जागचा हलत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये खांडेपारला मुख्य जलवाहिनी फुटली आणि पणजी, तिसवाडी कित्येक दिवस पाण्यावाचून राहिली, हे आपण विसरलेलो नाही. अशा वेळी एकेक व्हॉल्व्ह चालता असावा लागतो. वर्षातून एकदा तरी तो पूर्ण मिटवून उघडावा आणि आटे मोजून लिहून ठेवावेत. पण हळू. सेकंदाला 1 मीटर वेगाने वाहणारे पाणी लोखंडी नळीत एकदम अडवले, तर सुमारे 10 किलो जादा दाबाचा तडाखा बसतो. आमचा एक जुना व्हॉल्व्हमन शेवटचे आटे फिरवताना चावीला कान लावायचा. पाण्याची सळसळ बारीक होत जाते तसा हात मंद करायचा. हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

आता पावसाळ्याचे. जूननंतर चेंबर तुडुंब भरतात. चढावर हवेचे व्हॉल्व्ह असतात, ते नळी रिकामी होताना बाहेरची हवा आत घेतात. चेंबरमध्ये गढूळ पाणी साचले असेल तर हवेऐवजी तेच ओढले जाते आणि आपल्या नळाला येते. म्हणून मे महिन्यातच चेंबर उपसून त्याची निचऱ्याची वाट मोकळी करायला हवी. नळ रोज काही तास बंद राहतो अशा गावांत तर हे आधी.

तुमच्या दारासमोर रस्त्यात अशा व्हॉल्व्हच्या चेंबरचे लोखंडी झाकण असेल तर एकदा पाहून घ्या. डांबराखाली गेले आहे का? त्यावर चिऱ्यांचा ढीग आहे का? चवथीच्या मंडपाचा खांब तर त्यावर येत नाही ना? तसे असेल तर आपल्या पंचाला किंवा नगरसेवकाला सांगा आणि पाणीपुरवठ्याच्या जवळच्या कचेरीत लेखी कळवा. अर्जात जवळच्या घराची किंवा देवळाची खूण लिहा. झाकण शोधायला येणाऱ्या माणसाच्या हातात पहारीशिवाय दुसरे काही नसते.

नमस्कार.