यंत्र आत पाहते तेव्हा : कायदा आणि तंत्रज्ञानाच्या अभ्यासाची वाट, कोल्हापुरातून

नमस्कार. मी कोल्हापुरात कायदा शिकवते. दरवर्षी एलएलबीच्या शेवटच्या वर्षातील एक-दोन विद्यार्थी तास संपल्यावर मागे थांबतात आणि जवळपास एकच प्रश्न विचारतात : वकिलीची सनद घ्यायची आहे, पण मन रमते ते तंत्रज्ञान, कायदा आणि माणसाचे पुढे काय होणार या प्रश्नांत, तर त्याच विषयात संशोधन आणि अध्यापन करता येईल का, आणि त्यासाठी कोल्हापूर सोडावे लागेल का? आजचा व्हिडिओ त्यांच्यासाठी आहे.

(कागद कॅमेऱ्यासमोर धरून) हा कागद पाहा. याला एफ फॉर्म म्हणतात. गर्भवती स्त्रीची सोनोग्राफी होते तेव्हा गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे ज्याला आपण पीसीपीएनडीटी कायदा म्हणतो त्याखाली, हा फॉर्म भरावाच लागतो. तिचे नाव, वय, पत्ता, आधीची अपत्ये किती, त्यांत मुलगे किती आणि मुली किती, तपासणी कोणत्या कारणासाठी, तपासणी करणारे डॉक्टर कोण, हे सगळे त्यात लिहायचे असते. एक रकाना रिकामा राहिला तरी त्याला निव्वळ कारकुनी चूक म्हणता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या याचिकेवर सांगितले आहे. ज्या विषयाचा अभ्यास करण्यासाठी दूर जावे लागेल असे विद्यार्थ्यांना वाटते, तो विषय या एका कागदात आणि तो ज्या यंत्राशेजारी भरला जातो त्या यंत्रात अख्खा सामावलेला आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

२००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात १,००० मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. त्याच जनगणनेत महाराष्ट्राचा आकडा ९१३ होता. राजर्षी शाहू महाराजांचे नाव सांगणाऱ्या जिल्ह्याला हा आकडा खाली मान घालायला लावणारा होता. कायदा नव्हता असे नाही. गर्भलिंग तपासणीवर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला होता, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. पण सोनोग्राफीच्या खोलीत दार लावून घेतल्यावर काय बोलले गेले, हे कायद्याला कळणार कसे? साक्षीदार तीनच : डॉक्टर, ती स्त्री आणि तिच्यासोबत आलेले घरचे माणूस. गुन्हा घडला असेल तर तिघांपैकी कोणीही बोलणार नाही.

तेव्हाचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख (जे पुढे ९१ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले) यांच्या काळात कोल्हापुरात यावर एक उपाय काढण्यात आला. सोनोग्राफी यंत्राला एक उपकरण जोडायचे, जे पडद्यावर उमटलेली तपासणी नोंदवून ठेवील. आणि एफ फॉर्म ऑनलाइन भरायचा. या उपकरणाला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ असे नाव होते. संशय आला की फॉर्मवर लिहिलेले आणि यंत्राने टिपलेले शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहता येणार होते. खोलीत चौथा साक्षीदार आला, आणि तो यंत्र होता.

रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेने याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. त्यांच्या आक्षेपांपैकी एक आक्षेप असा होता की, यामुळे रुग्ण स्त्रीच्या खासगीपणाचा भंग होतो. ऑगस्ट २०११ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली आणि कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश कायम ठेवले. मुलींचा जन्मच नाकारला जात असताना हा आक्षेप टिकणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

आता इथे थोडे थांबू या, कारण संशोधक आणि वकील यांचे रस्ते इथून वेगळे होतात. वकिलाच्या दृष्टीने प्रकरण संपले. संशोधकाच्या दृष्टीने ते २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुन्हा उघडले, कारण त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला आणि त्यावर घाला घालणाऱ्या प्रत्येक उपायाला कसोट्या लावल्या : त्याला कायद्याचा आधार आहे का, त्याचा हेतू रास्त आहे का, आणि हेतूच्या मानाने तो उपाय प्रमाणात आहे का. कोल्हापूरचे ते उपकरण या कसोट्यांवर उतरते का? हेतू रास्त आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश म्हणजे कायद्याचा पुरेसा आधार का? नोंदवलेली चित्रे कोण पाहू शकतो, किती दिवस ठेवली जातात, आणि ज्या हजारो स्त्रियांनी कोणताही गुन्हा केलेला नाही त्यांच्या उदरातील चित्रांचे पुढे काय होते? जन्माला न आलेल्या मुलीचा हक्क आणि तिच्या आईचा हक्क समोरासमोर उभे राहतात तेव्हा निवाडा करायचा तो कशाच्या आधारावर? यातल्या एकेका प्रश्नावर पीएचडीचा प्रबंध होईल.

हा स्वतंत्र विषय आहे का, असा संशय विद्यापीठांनीही घेतला होता, आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. १९९६ मध्ये शिकागो विद्यापीठातील परिषदेत अमेरिकी न्यायमूर्ती फ्रँक ईस्टरब्रुक म्हणाले की, इंटरनेटचा कायदा असा वेगळा विषय शिकवणे म्हणजे ‘घोड्यांचा कायदा’ शिकवण्यासारखे आहे. घोड्यांच्या विक्रीचे खटले असतात, घोड्याने लाथ मारल्याचे असतात, शर्यतींच्या परवान्यांचे असतात. पण ते सगळे गोळा करून एक विषय होत नाही. त्यापेक्षा करार आणि नुकसानभरपाईचे सामान्य नियम नीट शिकवा. तीन वर्षांनी कायद्याचे अमेरिकी प्राध्यापक लॉरेन्स लेसिग यांनी उत्तर दिले. माणसाच्या वागण्याला फक्त कायदा आवर घालत नाही. समाजाच्या रूढी, बाजार आणि वस्तूची घडणसुद्धा आवर घालते, आणि संगणकाच्या जगात ती घडण कोणीतरी लिहिलेली असते. हे उत्तर परकीय वाटत असेल, तर सोनोग्राफीच्या खोलीकडे पुन्हा पाहा. रूढीला मुलगा हवा होता, बाजार चाचणी विकत होता, कायदा नाही म्हणत होता आणि शेवटी प्रशासनाने यंत्राच्या घडणीतच बदल केला. चारही शक्ती एका खोलीत. तरीही ईस्टरब्रुक यांचा इशारा मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. राज्यघटना, पुराव्याचा कायदा आणि करार पक्के न करता जो थेट ‘एआयचा कायदा’ लिहायला बसतो, त्याचे लिखाण दोन वर्षांत शिळे होते.

ब्रिटिश अभ्यासक डेव्हिड कॉलिंग्रिज यांनी १९८० मध्ये मांडलेला पेचही याच जातीचा आहे. तंत्रज्ञान नवे असते तेव्हा त्याचे परिणाम दिसत नाहीत म्हणून आपण नियम करत नाही. परिणाम दिसू लागतात तोवर ते इतके रुजलेले असते की बदलणे जिकिरीचे होते. सोनोग्राफी आधी आली, गावोगाव पसरली आणि कायदा मागून धावला. आज तोच खेळ पुढच्या घरात गेला आहे. गर्भवती स्त्रीच्या रक्तात गर्भाच्या डीएनएचे अंश सापडतात हे १९९७ मध्ये सिद्ध झाले, आणि आता दहाव्या आठवड्याच्या सुमारास केवळ आईच्या रक्ताच्या तपासणीतून गर्भातील काही दोष ताडून पाहता येतात. लिंगही कळू शकते. आपल्या कायद्याच्या व्याख्येत रक्ताची तपासणी आधीपासूनच आहे, म्हणजे शब्दांत कायदा मागे नाही. पण पहारा मात्र यंत्रावर बसवलेला आहे आणि माहिती आता रक्ताच्या कुपीतून प्रवास करते. कुपीला सायलेंट ऑब्झर्व्हर जोडता येत नाही.

हाच धागा मेंदूपर्यंत जातो. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात आरोपीला दोषी ठरवताना इतर पुराव्यांबरोबर मेंदूतील विद्युत लहरींच्या चाचणीचाही आधार घेतला. आरोपी गप्प बसली तरी तिचा मेंदू ‘अनुभवाची आठवण’ सांगतो, असा त्या चाचणीचा दावा होता. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी प्रकरणात सांगितले की, नार्को (औषध देऊन बोलते करणे), पॉलिग्राफ (खोटे पकडण्याचे यंत्र) आणि मेंदूच्या अशा चाचण्या कोणावरही संमतीशिवाय लादता येणार नाहीत. गर्भाशय असो, मेंदू असो, डीएनए असो. यंत्र माणसाच्या आत पाहू लागले की, आत पाहण्याची परवानगी कोणी आणि कोणाला द्यायची, हे कायद्याला ठरवावे लागते. ‘माणसाचे भवितव्य’ हा भारदस्त शब्द मी या एवढ्याच अर्थाने वापरते.

आता वाटेविषयी थोडक्यात, कारण ही माहिती तुम्हाला सहज मिळेल. एलएलबीनंतर एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, त्यानंतर नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये विद्यावेतन असते. पीएचडीला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार किमान ३ आणि सर्वसाधारणपणे कमाल ६ वर्षे, आणि २०२४ पासून प्रवेशासाठीही नेटचे गुण चालतात. दुसरी बाजूही लपवणार नाही. कायम प्राध्यापकांची पदे कमी निघतात आणि अनेक हुशार माणसे पीएचडी घेऊन वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवतात. घरची परिस्थिती ओढाताणीची असेल, तर जेआरएफ मिळाल्याशिवाय पूर्णवेळ संशोधनात उडी घेऊ नका, असेच मी सांगेन. सनद घेऊन दोन-तीन वर्षे न्यायालयात उभे राहिलेला संशोधक मला तर जास्त भावतो. त्याला कागद वाचता येतो.

त्यासाठीसुद्धा आता मुंबईची गाडी पकडायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारे न्यायपीठ, कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत बसते आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या अखत्यारीत आहेत. त्या इमारतीच्या फाटकातून बाहेर पाहिले की समोर सरकारी सीपीआर रुग्णालय दिसते. २०११ ची ती याचिका आज दाखल झाली असती, तर बहुधा तिथेच ऐकली गेली असती. तुम्ही मागच्या बाकावर बसून युक्तिवाद ऐकू शकता आणि संध्याकाळी शिवाजी विद्यापीठातल्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात जाऊन निवाडे वाचू शकता.

आणखी एक काम आहे, जे बेंगळुरू किंवा दिल्लीचा अभ्यासक तुमच्याइतके चांगले करू शकणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार, माहिती घेण्यापूर्वी द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय व्यक्तीला द्यायचा आहे. म्हणजे मराठीतही. पण ती मराठी लिहिणार कोण? ‘प्रोसेसिंग’ला ‘प्रक्रिया’ म्हटले की शिरोळच्या उसाच्या शेतकऱ्याला कारखान्यातला रस आठवतो. डेटाला ‘विदा’ म्हणावे की डेटाच ठेवावे, यावर जाणती माणसे वाद घालतात. माझा कल रुळलेल्या शब्दाकडे आहे. संमती ही समजून दिली तरच संमती, हे तत्त्व खरे मानायचे असेल, तर हे शब्द घडवणे हे कायद्याचेच संशोधन आहे, नुसते भाषांतर नाही.

शेवटी पुन्हा या कागदाकडे येते. (एफ फॉर्मचा खालचा भाग जवळून) इथे दोन प्रतिज्ञापत्रे आहेत. डॉक्टर लिहून देतात की, मी गर्भाचे लिंग पाहिले नाही आणि कोणालाही कोणत्याही प्रकारे सांगितले नाही. आणि त्या स्त्रीने लिहून द्यायचे की, ही तपासणी करून मला गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही. खाली सही किंवा अंगठा. अंगठा असेल तर तो ओळखणाऱ्याचे नाव आणि नाते. मी हा फॉर्म वर्गात वाटते तेव्हा विद्यार्थ्यांना एकच काम देते : शेजारच्या यंत्रातून घेतलेली चित्रे साठवली जात असतील, तर ते या बाईला सांगणारी ओळ फॉर्ममध्ये शोधा. मुले दोन्ही बाजू वाचतात, पुन्हा उलटतात. ती ओळ त्यात नाही. मागच्या वर्षी एका मुलीने ती ओळ कशी असावी हे मराठीत लिहून आणले, चार वेळा खोडून पाचव्यांदा. एलएलएमच्या प्रबंधासाठी तिने तोच विषय घेतला आहे.