सोपा कोण, भरवशाचा कोण?

श्रोतेहो, नमस्कार.

'मॅक घेऊ की विंडोज?' हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात, आणि विचारणाऱ्याचं उत्तर बहुधा आधीच ठरलेलं असतं. मॅकवाला म्हणतो, आमचा कधी बंद पडत नाही. विंडोजवाला म्हणतो, आमच्यात सगळं चालतं. लिनक्सवाला भेटलाच, तर मठ्ठा येईपर्यंत सोडत नाही. आज या भांडणातल्या दोनच गुणांबद्दल बोलतो: वापरायला सोपं आणि भरवशाचं. लोक हे दोन्ही एका दमात म्हणून टाकतात. प्रत्यक्षात पंधरा-सोळा वर्षं या दोघांची गाठच पडली नव्हती. जो सोपा होता तो भरवशाचा नव्हता, आणि जो भरवशाचा होता तो घरी परवडत नव्हता.

आयबीएमचा पीसी आला ऑगस्ट १९८१ मध्ये. काळ्या पडद्यावर एक खूण लुकलुकायची आणि पुढचं सगळं तुमच्या पाठांतरावर. कॉपी करायची आज्ञा पाठ, यादी बघायची आज्ञा पाठ, आणि फाइलचं नाव आठ अक्षरांत बसवायचं, वर तीन अक्षरांची शेपटी. २४ जानेवारी १९८४ रोजी ॲपलने मॅकिंटॉश बाजारात आणला. त्यात चित्रं होती, माउस होता, फाइलला चांगलं लांबलचक नाव देता येत होतं. माउसचा आग्रह तर एवढा की पहिल्या मॅकच्या कीबोर्डवर बाणांची बटणंच ठेवली नव्हती. लोकांनी माउसच वापरावा म्हणून! मला ही अजूनही दांडगाई वाटते.

चित्रांपेक्षा मोठी सोय होती एकसारखेपणाची. डॉसवर, म्हणजे पीसीच्या त्या काळ्या पडद्याच्या सिस्टीमवर, लिखाणाच्या वर्डस्टारची बटणं वेगळी, हिशेबाच्या लोटसची वेगळी. एक शिकलात म्हणून दुसरं येत नसे. मॅकवर कोणत्याही कंपनीचा प्रोग्रॅम उघडा, मेनू पडद्याच्या वरच्या कडेला, कॉपीचं बटण तेच, सेव्हचं बटण तेच.

तरी मॅकवर सगळंच सोपं होतं असं नाही. फ्लॉपी घ्या. मॅकच्या खाचेजवळ ती बाहेर काढायचं बटणच नसे. पडद्यावरचं फ्लॉपीचं चित्र माउसने उचलायचं आणि चक्क कचऱ्याच्या डब्यात टाकायचं. मग आतली मोटर फिरून फ्लॉपी बाहेर यायची. पहिल्यांदा करणाऱ्याच्या पोटात गोळाच यायचा. सगळं काम पुसलं जाणार असं वाटायचं. पण यात भरवसा होता. फ्लॉपीवर लिहिणं चालू असताना ती खेचून काढण्याची सोय नव्हती. पीसीच्या ड्राइव्हला लहान पोरालाही कळेल असं बटण होतं, आणि दिवा पेटलेला असताना ते दाबून कित्येकांनी आपल्या फायलींची वाट लावली. मॅकची फ्लॉपी आत अडकलीच, तर बाजूला एक बारीक भोक असायचं. सरळ केलेली यू-क्लिप त्यात खुपसायची.

आता मॅकवाल्यांना न आवडणारी गोष्ट. नव्वदच्या दशकातला मॅक बंद पडायचा. वात पेटलेल्या बॉम्बचं चित्र यायचं, सोबत रीस्टार्टचं बटण, आणि सेव्ह न केलेलं काम गेलं. कारण रचनेतच होतं. एका वेळी चार प्रोग्रॅम चालवायचे तर प्रोसेसरचा वेळ वाटून द्यावा लागतो. जुन्या मॅकमध्ये सिस्टीम तो वाटत नसे. प्रोग्रॅमने तो आपणहून सोडायचा. चाळीतल्या सामायिक नळाचा कारभार म्हणा ना! प्रत्येकाने आपली बादली भरली की बाजूला व्हायचं. एखादा नळाखाली बादली लावून गप्पा ठोकत बसला, की मागची रांग तिष्ठत उभी. दुसरी उणीव त्याहून वाईट. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या मेमरीत लिहिलं, तर त्याला अडवणारं कोणी नव्हतं. एक बिघडला की शेजारच्याला घेऊन बुडायचा, कधी अख्ख्या सिस्टीमला.

मेमरीची वाटणी तर तुम्हीच करायची. प्रोग्रॅमचं चित्र निवडून 'गेट इन्फो' उघडायचं आणि चौकटीत आकडा टाकायचा: याला इतके किलोबाइट. मोठ्या फोटोवर काम करताना फोटोशॉप अडलं, की ते बंद करा, आकडा वाढवा, पुन्हा उघडा. छपाईची पानं मांडणाऱ्या डीटीपीवाल्यांना हे आकडे तोंडपाठ असत. शिवाय एक्स्टेन्शन नावाची भर, म्हणजे सिस्टीमला जोडायचे छोटे प्रोग्रॅम. फाँटसाठी एक, स्कॅनरसाठी एक, आणि त्यांची आपसात भांडणं. मग शिफ्ट दाबून, म्हणजे ती सगळी बंद ठेवून, मॅक सुरू करायचा आणि एकेक बाजूला काढत गुन्हेगार शोधायचा. सर्वांत सोपा कॉम्प्युटर म्हणून मिरवणाऱ्या यंत्रावर हे उद्योग सन २००० उजाडलं तरी चालूच होते. ॲपलला हे कळत नव्हतं असं नाही. कोपलँड नावाची नवी सिस्टीम करायला त्यांनी घेतली होती. १९९६ मध्ये ती गुंडाळावी लागली.

विंडोजची अवस्था काही निराळी नव्हती. विंडोज ३.१ मध्ये वेळेची वाटणी मॅकसारखीच, सौजन्यावर चालणारी. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं, त्याने ती बरीच सुधारली, पण डॉसचे आणि जुन्या विंडोजचे प्रोग्रॅम चाललेच पाहिजेत या अटीपायी जुनं लोढणं गळ्यात राहिलं. विंडोज कोसळलं की येणारा निळा पडदा सगळ्यांना आठवत असेल. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स मंचावर उभे असताना विंडोज ९८ चं प्रात्यक्षिक चालू होतं. स्कॅनर जोडला, आणि तोच निळा पडदा भल्यामोठ्या पडद्यावर. सभागृहात हशा पिकला.

याहून मजेची एक चूक आहे. विंडोज ९५ आणि ९८ च्या आत एक घड्याळ मिलिसेकंद मोजायचं. आकडा ४२९ कोटींच्या थोडा पुढे गेला की मोजणी शून्यावर यायची आणि मशीन हँग. हिशेब केला तर हे होतं सलग ४९.७ दिवस चालल्यावर. ही चूक उघडकीला यायला काही वर्षं गेली. एवढे दिवस न पडता चाललेलं विंडोज ९५ शोधायचं कुठे, हाही प्रश्नच.

पण विंडोजवर सगळं खापर फोडणं मला पटत नाही. मॅक बनवणारा बहुतेक काळ एकच. पडदा, मदरबोर्ड, सिस्टीम सगळं त्याच्या हातात. विंडोजला मात्र जगातल्या कोणत्याही कारखान्याच्या कोणत्याही कार्डावर चालायचं होतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं असेंबल्ड मशीन आठवा. मदरबोर्ड एकाचा, रॅम दुसऱ्याची, साउंड कार्ड तिसऱ्याचं, मोडेम ज्याचा स्वस्त त्याचा. प्रत्येकाची ड्रायव्हरची सीडी वेगळी, आणि ड्रायव्हर म्हणजे सिस्टीमच्या पार आतल्या खोलीत बसणारा प्रोग्रॅम. तो चुकला की निळा पडदा, आणि नाव विंडोजचं खराब. अशी मशिनं दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली. 'विंडोज उडालं' म्हणून आलेल्या मशीनची रॅम काढून, तिचे सोनेरी दात खोडरबराने घासून परत बसवली की बऱ्याचदा विंडोज आपोआप बरं व्हायचं. आणि हेही सांगायला हवं की आपल्याकडे घरोघरी कॉम्प्युटर पोचला तो या असेंबल्ड मशीनमुळेच. मॅक राहिला जाहिरात संस्थांत आणि छपाईच्या धंद्यात.

भरवशाचं विंडोज तेव्हाही होतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मायक्रोसॉफ्टचे अभियंते डेव्ह कटलर यांच्या हाताखाली घडलेलं विंडोज एनटी जुलै १९९३ मध्येच आलं होतं. त्यात प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या मेमरीत कोंडलेला. एक मेला तर दुसऱ्याला पत्ता नाही. पण त्याला किमान १२ एमबी रॅम लागायची, आणि घरच्या मशीनमध्ये असायची चार. गेमही त्यावर धड चालत नसत. म्हणून ते ऑफिसांतच राहिलं.

दोन्हीकडे पाया बदलला तो एकाच वर्षी, २००१ मध्ये. ॲपलने १९९६ च्या अखेरीस स्टीव्ह जॉब्स यांची नेक्स्ट ही कंपनी विकत घ्यायचं ठरवलं होतं. युनिक्स या जुन्या, भरवशाच्या सिस्टीमवर बेतलेल्या तिच्या सिस्टीमवर मॅक ओएस टेन उभं राहिलं आणि मार्चमध्ये बाजारात आलं. पहिली आवृत्ती इतकी मंद होती आणि डीव्हीडीसुद्धा लावत नव्हती, की पुष्कळांनी जुनंच चालू ठेवलं. ऑक्टोबरमध्ये एनटीच्या पायावरचं विंडोज एक्सपी घरोघरी आलं. निळा पडदा क्वचित दिसू लागला. मात्र ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा, नेटवरून आपोआप पसरणारा किडा आला आणि नेटला जोडलेली एक्सपीची मशिनं साठ सेकंदांची उलटी मोजणी दाखवून आपोआप रीस्टार्ट होऊ लागली. आतून मजबूत, पण दार उघडं. वर्षभराने दुसरा सर्व्हिस पॅक, म्हणजे दुरुस्त्यांचा गठ्ठा, आला, तेव्हा कुठे नेटवरून शिरणाऱ्यांना अडवणारी फायरवॉल आपणहून चालू राहू लागली.

मराठी माणसाच्या भरवशाचा एक वेगळाच हिशेब आहे. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेलं पत्र दुसऱ्याच्या मशीनवर उघडलं आणि तिथे तो फाँट नसला, की नुसती चिन्हांची गिचमिड. मशीन चालू, प्रोग्रॅम चालू, आणि मजकूर गेलेला! प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोडने हे मिटवलं. पण एक्सपीवर मराठी चालू करायला कंट्रोल पॅनेलमध्ये शिरून एका चौकटीत टिक करावी लागे, आणि मग ते विंडोजची सीडी मागायचं. ती सीडी मशीन जोडून देणाऱ्याकडे. तो फोन उचलत नसे. आज मॅक, विंडोज, लिनक्स तिन्हींत देवनागरी आतच असते आणि इनस्क्रिप्ट ही देवनागरी अक्षरांची कीबोर्डवरची मांडणीही तिन्हीकडे तीच. एकावर हात बसला की बाकीच्या दोघांवर टाइप करता येतं. आमच्या तरुणपणी हे कोणी सांगितलं असतं तर हसलो असतो.

आता आजचं. एक प्रोग्रॅम पडला म्हणून मशीन पडणं हे तिन्हींत जवळजवळ संपलं आहे. उरलाय तो आतल्या खोलीत कोणाला शिरू द्यायचं हा प्रश्न. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं निळ्या पडद्यावर अडकली. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. मॅकवर त्या दिवशी काही झालं नाही, कारण ती फाइल विंडोजसाठीच होती; शिवाय ॲपलने बाहेरच्यांना त्या खोलीतून आधीच काढायला घेतलं होतं. पण मॅकवाल्यांनी फार खूश होऊ नये. २०१५ पासून काही वर्षं ॲपलच्या लॅपटॉपना इतका पातळ कीबोर्ड होता की धुळीचा कण अडकला तरी बटण दाबलं जाईना, किंवा एकदा दाबलं की अक्षर दोनदा उमटे. २०१८ मध्ये ॲपलला तो फुकट दुरुस्त करून द्यायची योजना काढावी लागली.

सोपेपणाचं म्हणाल, तर तो आता बराचसा सवयीचा भाग आहे. विंडोज ८ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्टार्ट बटण काढलं, लोकांनी असा गलका केला की वर्षभरात, २०१३ मध्ये, ते परत आणावं लागलं. बटण चांगलं होतं की वाईट हा मुद्दाच नव्हता. ते डाव्या कोपऱ्यात होतं आणि हात तिकडे जायचा. म्हणून माझी शिफारस साधी आहे. टॅलीवर हिशेब लिहिणाऱ्याने विंडोजच घ्यावं, वाद घालू नये. घरात आधीच आयफोन असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर मॅक. कॉलेजच्या मुलाला अडचणीत विचारायला मित्र कोणत्या मशीनवर आहेत, तेच त्याने घ्यावं.

लिनक्स कोणासाठी? १९९१ पासूनची ही सिस्टीम सर्व्हरवर वर्षानुवर्षं न थकता चालते, केरळच्या शाळांत मुलं तिच्यावर शिकतात. एके काळी स्वस्त मोडेम तिच्यावर चालत नसत, कारण त्यांचं अर्धं काम विंडोजचा ड्रायव्हर करायचा. आता तो त्रास पुष्कळ कमी झाला आहे. आणि सध्या तिची आठवण काढायला निमित्तही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणाऱ्या नेहमीच्या दुरुस्त्या, संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे ठणठणीत चालणारी लाखो मशिनं एकदम जुनी ठरली. तुमच्याकडे असं एखादं असेल तर भंगारात देण्याआधी उबंटू किंवा मिंट ही लिनक्सची एखादी आवृत्ती पेनड्राइव्हवर घ्या आणि मशीन त्यावरून सुरू करा. हार्ड डिस्कला हात लागत नाही. फक्त 'इन्स्टॉल'वर क्लिक करू नका. वायफाय लागतंय का, स्पीकर वाजतोय का, प्रिंटरवर एक पान निघतंय का, मराठी नीट उमटतंय का ते बघा. लॅपटॉप असेल तर झाकण मिटून दहा मिनिटांनी उघडा, आणि तो नीट जागा होतो का ते बघा. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स अडतं ते बहुधा इथेच.

नमस्कार.