लाल विंचू आणि न मिटणारं दार

मंडळी, काल रात्री जेवणं झाल्यावर मी या सभागृहामागच्या गडग्याकडेने अतिनील प्रकाशाची टॉर्च घेऊन फिरले. साध्या बॅटरीने तिथे जांभ्याचे चिरे आणि सुकलेलं शेवाळ, एवढंच दिसतं. अतिनील उजेडात मात्र दोन चिऱ्यांच्या फटीत हिरवट-निळं काहीतरी लखलखलं. लाल विंचू. विंचवाच्या कवचातली काही द्रव्यं या किरणांत चमकतात, म्हणून आम्ही मंडळी रात्रीच त्यांची मोजदाद करतो. ही मादी होती आणि तिच्या पाठीवर पांढुरकी पिल्लं एकमेकांना चिकटून बसली होती. पहिली कात टाकेपर्यंत ती तिथेच राहतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असं आपण उगाच म्हणत नाही. ज्याने कुणी ते पहिल्यांदा म्हटलं, त्याने ही मादी नीट पाहिली होती.

लाल विंचू फार तर बोटभर लांबीचा, चिमटे बारीक, शेपूट मात्र भरदार. याउलट आपली काळी इंगळी: जाडजूड चिमटे, अंगाने दांडगी, पाहूनच धडकी भरावी अशी. पण इंगळीच्या डंखाने माणूस सहसा कळवळण्यापलीकडे जात नाही. जिला सावज चिमट्यात चिरडता येतं, तिचं विषावर फारसं अडत नाही. बारीक चिमट्यांच्या विंचवाची सगळी भिस्त नांगीवर. नियम ढोबळ आहे, त्याला अपवाद आहेत. पण आपल्या परसातल्या या दोघांना तो चपखल लागू पडतो.

आपण ‘विंचू चावला’ म्हणतो खरं, पण काम सगळं नांगीचं. सूक्ष्मदर्शकाखाली नांगीच्या टोकाशी दोन बाजूंना दोन छिद्रं दिसतात, कारण आत विषाच्या ग्रंथीही दोन असतात. संधिपाद प्राण्यांनी विष टोचण्याची हत्यारं आपापल्या परीने घडवली आहेत. घोणीचे विषारी आकडे म्हणजे तिच्या पायांची पहिली जोडी. मधमाशीचा काटा म्हणजे मुळात अंडी घालण्याचा अवयव, म्हणून नर माशी डंख मारूच शकत नाही. कवचधारी प्राण्यांत, म्हणजे खेकड्या-कोळंबीच्या गोतावळ्यात, विषारी कोणी नाही असं मानलं जाई. २०१३ साली मेक्सिकोतल्या पाण्याखालच्या गुहांमधला एक आंधळा प्राणी विषारी निघाला आणि तीही समजूत गेली.

हत्यार कळलं. पण विष आलं कुठून? मला सगळ्यांत विलक्षण वाटतो तो हा भाग. विषासाठी निसर्गाने वेगळं काही आणलेलं नाही. कीटकांच्या आणि विंचवांच्या शरीरात डिफेन्सिन नावाची छोटी प्रथिनं असतात. त्यांचं काम जंतूंना मारणं, म्हणजे घरची राखण. कधीतरी अशा प्रथिनाच्या जनुकाची एक जादा प्रत तयार होते. मूळ प्रत आपलं काम करत राहते. जादा प्रतीवर कसलीच जबाबदारी नसते, त्यामुळे तिच्यात बदल झाले तरी प्राण्याचं काही बिघडत नाही. त्यातला एखादा बदल सावजाच्या नसेवर परिणाम करणारा निघाला की तो टिकतो. २०१४ साली संशोधकांनी हे हाताने करून पाहिलं. एका कीटकाच्या डिफेन्सिनमधला एक लहानसा वळसा त्यांनी काढून टाकला. उरलेला रेणू चेतापेशींमधल्या पोटॅशियमच्या वाटा अडवू लागला. राखणदाराचं विष व्हायला एवढीशी काटछाट पुरली. विंचवांकडे अशा बदलांसाठी चाळीस कोटींहून अधिक वर्षं होती.

आता त्या दाराकडे येते. आपल्या नसेतून संदेश जातो तो सोडियमच्या सूक्ष्म दारांमधून. दार उघडतं, सोडियम आत येतो आणि साधारण एक सहस्रांश सेकंदात ते मिटतं. लाल विंचवाच्या विषातला मुख्य घटक या दाराला बाजूने चिकटतो आणि ते मिटू देत नाही. नस थांबायचंच विसरते. माणसाच्या शरीरात याचा अर्थ असा, की ॲड्रेनलिन आणि तिच्या जोडीची द्रव्यं रक्तात लोटली जातात. रोग्याला उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, हातपाय बर्फासारखे गार पडतात. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय त्या दाबाविरुद्ध झगडून थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. मरण येतं ते असं.

हे कळलं कुठे, तर आपल्या रायगड जिल्ह्यात. जालना जिल्ह्यातून आलेले तरुण डॉक्टर हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली माणसं, त्यात लहान मुलं फार, त्यांच्या डोळ्यांदेखत जात होती. ते रोग्याच्या उशाशी बसून राहिले आणि तासातासाला काय घडतं ते टिपत गेले. कोणत्या खुणा दिसल्या की हृदयाला धोका आहे, हे त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. मग रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरून पाहिली. ॲड्रेनलिनच्या जातीची ही द्रव्यं रक्तवाहिन्या आवळतात ती ज्या जागी बसून, ती जागाच ही गोळी अडवते. १९८६ साली तेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा दगावत असे. प्राझोसिन वेळेत मिळू लागल्यावर ते प्रमाण शेकड्याला एक-दोनावर आलं. ज्या केंद्रात साधनं म्हणावीत अशी नव्हती, तिथल्या वहीतून हे उभं राहिलं. याबद्दल बोलताना माझा आवाज चढतो, त्याला माझा इलाज नाही.

पुढे डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी ७० रोग्यांवर रीतसर तुलना केली: निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिनबरोबर विंचवाची प्रतिविष लस. लस मिळालेले रोगी बरेच लवकर सावरले. २०११ साली हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापलं.

अजून एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोकणातला लाल विंचू आणि घाटावरच्या कोरड्या मुलखातला लाल विंचू जातीने एकच, तरी त्यांच्या विषातले घटक तंतोतंत सारखे नाहीत, हे २००७ मध्ये मोजून दाखवलं गेलं. म्हणून लस बनवताना विष कुठल्या विंचवाचं काढलं, याला महत्त्व आहे.

आणि हेच विष औषधशास्त्राच्याही कामी येतं. आयबेरिओटॉक्सिन नावाचा ३७ अमिनो आम्लांचा रेणू १९९० साली आपल्या लाल विंचवाच्या विषातून वेगळा काढला गेला. पेशीतली पोटॅशियमची एक विशिष्ट वाट तो नेमकी बंद करतो, इतर वाटांना हात लावत नाही. ती वाट रक्तवाहिन्यांत काय काम करते हे तपासायला जगभरच्या प्रयोगशाळा तो वापरतात. तिकडे ॲरिझोनाच्या वाळवंटात एक उंदीर आहे, तो विंचू खातो. त्याच्या वेदनेच्या नसांमधलं सोडियमचं एक दार असं बदललेलं आहे, की तिथल्या विंचवाचं विष चिकटलं की ते दार उघडं राहण्याऐवजी बंदच होतं. डंखानेच त्याची वेदना बधिर होते. त्या दारात नेमका काय बदल झालाय ते कळल्यामुळे वेदनाशामक शोधणाऱ्यांना एक वाट सापडली आहे.

आता विंचू उतरवणाऱ्यांविषयी, कारण हा प्रश्न दरवेळी येतो. बहुतेक डंखांत नुसती आग होते आणि ती एका दिवसात आपसूक ओसरते. त्या दिवसात अंगारा लावला तर श्रेय अंगाऱ्याला जातं. मी त्या माणसांना लबाड म्हणत नाही, त्यांचा स्वतःचाही विश्वास असतो. पण ज्या मुलाच्या शरीरात ते दार उघडं राहिलंय, त्याचे हे पहिले काही तासच हाताशी असतात.

तर भातकापणी तोंडावर आहे. पेंढ्याचे भारे उचलाल, चिरे हलवाल, पडवीतल्या वहाणा न झटकता पायात घालाल. कुणाला डंख झालाच तर वेळ लिहून ठेवा आणि त्याच्याजवळ बसा. नुसतं ओरडतंय, रडतंय, पण हातपाय गरम आहेत, तरी डॉक्टरांना दाखवा. उलटी झाली, कपाळावर घाम डवरला, तर लगेच निघा. आणि तळपायाला हात लावून पाहत राहा. तो गार लागला, तर उजाडायची वाट पाहू नका. ज्याच्याकडे गाडी असेल त्याला झोपेतून उठवा.