आधी पाणी, मग पेव्हर

सांगलीच्या गुंठेवारी वसाहतींत, म्हणजे गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या जमिनींवरच्या वस्त्यांत, जमीन काळी. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर नुसती कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, पसरून पेव्हर ब्लॉक बसवले, तर एक-दोन पावसांतच पदपथ खालीवर होतो. लोक ब्लॉकला नावं ठेवतात, पण चूक त्याच्या खाली झालेली असते.

म्हणून महापालिकेचं काम सुरू झालं की ब्लॉकचा रंग नंतर बघा, आधी खोदाई बघा. काळी माती निदान दीड फूट काढायला हवी. त्या जागी कठीण मुरूम, सहा-सहा इंचांच्या थरांनी. प्रत्येक थराला पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. सगळा भराव एकदम टाकला तर वरचा थरच दबतो, तळ भुसभुशीत राहतो आणि पुढे तिथंच खड्डा पडतो. मुरमावर खडी, तिच्यावर दीड इंच कच, मग ब्लॉक. चालण्यापुरता ६० मिलिमीटर जाडीचा चालतो; जिथं गेटातून गाडी आत वळते तिथं ८० चाच घ्या. कडेचा कर्ब, म्हणजे काठाचा ठोकळा, काँक्रीटमध्ये घट्ट बसलेला हवा. तो हलला की कच वाहून जाते आणि ओळीच्या ओळी सुटतात.

आता पाणी. २०१९ सारखा कृष्णेचा महापूर पदपथ अडवू शकत नाही. पण वळवाचं पाणी दारात साचणं नक्की थांबवता येतं. गटाराकडे मीटरला दोन सेंटिमीटर उतार पुरतो. खरी अडचण रस्त्याच्या उंचीची आहे: जुना थर न उकरता त्यावरच नवा चढवतात, दरवेळी रस्ता वर येतो आणि घरांचे उंबरे खाली जातात. हे फार वाईट आहे. घर काही सहज उचलता येत नाही.

ड्रेनेज, नळजोड, केबल हे सारं पदपथाच्या आधी. रस्त्याखालून दोन-तीन रिकामे पाइपही टाकून ठेवा, म्हणजे पुढच्या केबलसाठी फोडाफोड नको. झाडाभोवती मीटरभर आळं मोकळं सोडा. पदपथाला १.८ मीटर मोकळी वाट लागते. विजेचा खांब मधेच आला, तर ती रुंदी फक्त नकाशात राहते.

अंतिम बिलाआधी टँकरनं पाणी सोडा. अर्ध्या तासानंतरही जिथं ते साचून राहील, तिथले ब्लॉक उचलून खालची कच सारखी करायला लावा. पहिल्या पावसानंतर सांध्यांत बारीक वाळू पुन्हा भरून घ्या.